ताटलीतलं पाणी

१

पलीकडच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली की अयोध्या तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची, पदराला हात पुसायची आणि खुंटीवरची गंगम्माच्या घराची किल्ली घ्यायची. गेले सात महिने यात एक दिवसाचा खंड नव्हता. एका हातात दुधाचा तांब्या, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी आणि वर झाकण ठेवलेली वरणाची वाटी. उदगीरातली ती गल्ली जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी. ती ओलांडायची, कुलूप काढायचं, पुढची खोली, मधली खोली, मग परसदार. परसदाराची कडी वाजली की मागच्या भिंतीवरून, चिंचेच्या फांदीवरून, न्हाणीच्या पत्र्यावरून मांजरं धपाधप उतरायची. भुरी, तांबडी, काळा बोका, लंगडी, चिमी आणि चारही पाय पांढरे असलेली मोजेवाली. सहा.

ताटल्या मात्र सात होत्या. जर्मनच्या, कडा चेमटलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या.

गंगम्मा गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं हे सगळं अयोध्येला समजावून दिलं होतं. म्हातारी ऐंशीच्या पुढची, कानडी मुलखातली. लग्न होऊन उदगीरला आली, आणि घरातली माणसं एकेक करत गेल्यावर एकटीच राहिली. मराठी चांगली बोलायची, पण अयोध्येला हाक मारायची ती कानडीत. तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. अयोध्या तिला अक्का म्हणायची.

"तंगी, माझ्या मागं ह्यांना कोण घालंल गं?"

"मी घालीन की अक्का. तू कशाला जीवाला घोर लावून घेतीस?"

"रोज?"

"रोज."

"शपथ घे."

"आता मांजरांसाठी शपथ?" अयोध्या हसली होती. पण म्हातारी हसली नाही. तिनं अयोध्येचा हात धरून ठेवला, सोडीना. शेवटी अयोध्येनं शपथ घेतली, तेव्हा कुठं बोटं सैल झाली.

मग गंगम्मानं एकेक गोष्ट सांगितली. सहा ताटल्यांत दूध-भाकरी. सातवीत वरण-भाकरी, मीठ घालून. ती सातवी परसदाराच्या कवाडामागं ठेवायची. ठेवायची आणि फिरायचं, बघत थांबायचं न्हाई. ताटलीत पाणी दिसलं की जेवण झालं. मग उचलायची.

"मीठ कशाला, अक्का? मांजरं काय मीठ मागत्यात व्हय?"

"तिथं लागतं," गंगम्मा म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

एखादा म्हातारा लाजरा बोका असेल, चारचौघांत खात नसेल, असं अयोध्येनं धरून चाललं. तिला जास्त विचारायची सवय नव्हती. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, घर केलं; कोणी काही विश्वासानं सोपवलं की ते नीट करायचं, एवढं तिला कळत होतं. ताटल्या मांडून ती मधल्या खोलीत झाडू फिरवायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत यायची. सहा ताटल्या चाटून लख्ख झालेल्या असायच्या. सातवी रिकामी, आणि तिच्या तळाला ओंजळभर पाणी. ते ती चिंचेच्या बुडाशी ओतायची. पाणी कुठून येतं, याचा तिनं सात महिन्यांत एकदाही विचार केला नाही.

त्या दिवशी ऊन तिरपं आत आलं होतं. ताटली उचलताना अयोध्येचा हात मध्येच थांबला. पाणी पिवळसर होतं. वर फोडणीच्या तेलाचा बारीक तवंग होता, आणि तळाशी तुरीच्या डाळीचं एक टरफल.

आपला हात का थांबला, हे तिला तिथं उभं असताना सांगता आलं नसतं.

२

ते तिला घरी कळलं, नवऱ्याच्या ताटाकडं बघताना.

तिचा नवरा व्यंकट एसटीत ड्रायव्हर. गाव हदगावकडचं. नोकरीनं सगळा मराठवाडा फिरला, पण वळण गावचंच राहिलं. जेवण झालं की तो जागचा उठायचा नाही. तांब्या कलता करून ताटातच हात धुवायचा. अयोध्येनं अठ्ठावीस वर्षं डोकं फोडलं. बेसिन बसवून घेतलं, त्यावर आरसा लावला. सून काय म्हणेल, असंही म्हणून पाहिलं. त्याचं एकच ठरलेलं: "आमचा बाप म्हणायचा, अन्नाचा कण नालीत जाऊ देऊ नाही. ताटात हात धुतला म्हणजे जेवण झालं. न्हाई धुतला म्हणजे अजून वाढा."

त्या दुपारी तो सुट्टीवर होता. त्यानं बोटं जुळवली, वरून पाण्याची बारीक धार सोडली, दोनदा हात झटकला. अयोध्या ताटाकडं बघत राहिली. पिवळसर पाणी. तेलाचा तवंग. डाळीचं टरफल.

"काय बघून राहिली?"

"अवो, मांजर ताटलीत हात धुईल का?"

व्यंकटचा ठसका आवरेना. "धुईल की! हदगावकडचं असलं तर धुईल. अठ्ठावीस वर्षं मला बोलली, आता मांजराला बोल. बेसिन दाखव म्हणावं त्याला."

अयोध्याही हसली. हसता हसता तिनं ताट उचललं, आणि ते तिला नेहमीपेक्षा जड लागलं.

मग तिनं स्वतःशी हिशोब मांडून पाहिला. कोणीतरी भिंतीवरून येत असणार. बसस्टँडजवळ ती डोकं फिरलेली बाई असते, ती असेल. गंगम्माला ठाऊक असणार, आणि तिनं लाजेकाजेनं सांगितलं नसणार. असेल तर असू दे, भुकेल्याच्या तोंडी चार घास जातात. या विचारानं तिला दोन दिवस बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिनं परसाची भिंत बघितली. पुरुषभर उंच होती, वर काचा रोवलेल्या. मग कवाड बघितलं. परसदाराचं ते जाड कवाड परसात उघडायचं आणि मागच्या भिंतीशी जाऊन टेकायचं. पुरतं टेकायचं नाही, बिजागरीमुळं फट राहायची. तिनं अंगठा आणि करंगळी ताणून मोजली. एक वीत.

वीतभर जागेत मांजर बसू शकतं. मांजरच बसू शकतं. तिनं ते मनात दोनदा म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी ती मधल्या खोलीत गेली नाही. कवाडाकडं पाठ करून न्हाणीच्या कट्ट्यावर बसली. बघत थांबायचं नाही, असं गंगम्मा म्हणाली होती. कवाडाकडं ती बघत नव्हतीच. मांजरांकडं बघत होती.

सहाही आली. आपापल्या ताटलीपाशी गेली आणि खाली बसली. ताटलीकडं पाठ करून. शेपट्या पायांभोवती गुंडाळून, चिंचेकडं तोंडं करून, एका ओळीत. चिमी तर वर्षाचीही नव्हती. भुकेनं तिची हनुवटी थरथरत होती. पण तीही वळली नाही.

कवाडामागून आधी भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग वरणाचा भुरका. एखाद्या घरात पाहुणा जेवताना शेजारच्या खोलीत जसा ऐकू येतो तसा, घाई नसलेला, पोटभर. मग बराच वेळ काही नाही. मग जर्मनच्या ताटलीत पाण्याची बारीक धार.

सहाही मांजरं एकदम वळली आणि खायला लागली.

अयोध्या उठली, ताटली उचलली, पाणी चिंचेच्या बुडाशी ओतलं, कुलूप लावलं आणि घरी आली. व्यंकटला तिनं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की आपल्याच कानाला ते खोटं वाटेल, हे तिला ठाऊक होतं. जाणं थांबवावं, असंही एकदा मनात आलं. पण शपथ होती. आणि जेवणाऱ्याला कोणी ताटावरून उठवतं का?

ती जात राहिली. माणसाला कशाचीही सवय होते. धार ऐकू आली की तिचाही जीव आता शांत व्हायचा.

थंडीत एकदा नणंदेकडची माणसं न सांगता धर्माबादहून आली. आठ ताटं झाली, भाकरी संपल्या. घंटा होऊन गेली तशी अयोध्या उरलेली अर्धी भाकरी आणि पातळ झालेलं वरण घेऊन धावली. मांजरांना नुसतं दूध घातलं. त्या दिवशी धार आली नाही. मांजरं पाठ करून बसली ती बसलीच. अर्धा तास गेला. तिनं वाकून कवाडामागं हात घातला आणि चाचपडत ताटली ओढून घेतली. रिकामी होती. पुसून घ्यावी तशी कोरडी.

घरात पाहुणे होते. तिनं ताटली होती तिथंच सरकवली आणि कुलूप लावून निघून आली.

दुसऱ्या दिवशी पाच मांजरं आली. लंगडी आली नाही. अयोध्येनं गल्लीत विचारलं, नाली बघितली, मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आली. तीन पायांचं जनावर जाऊन जाऊन किती लांब जाणार? परत येऊन तिनं कवाडामागची कालची ताटली ओढली.

तिच्यात पाणी होतं. पिवळं नव्हतं, तांबूस होतं.

ते पाणी तिनं चिंचेच्या बुडाशी ओतलं नाही. न्हाणीत ओतलं आणि वरून दोन बादल्या पाणी सोडलं. त्या दिवसापासून सातव्या ताटलीत दोन भाकरी जाऊ लागल्या.

४

होळी झाल्यावर गंगम्माचा पुतण्या शिवप्पा आला. घर पाडून दुकानाचे गाळे काढायचे होते. माणूस वाईट नव्हता. चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, मांजरं तेवढी घेऊन जावा. न्हाई तर मला पोत्यात घालून देगलूरच्या रानात सोडावी लागतील. मशीन उद्या येणार हाय."

"पोत्यात घालायला ती काय कांदे हायत का, शिवप्पा? नेते मी." मग तिनं विचारलं, "अक्काच्या घरात अजून कोणी राहायचं का हो?"

शिवप्पानं कपबशी खाली ठेवली. "न्हाई बा. एकटीच की." उठून चपला घालताना मात्र तो बोलला, "लहानपणी आम्ही सुट्टीला यायचो. अक्का आम्हाला परसदारी जेवू द्यायची न्हाई. सांडलंलवंडलं तरी पुढच्या खोलीतच. एवढंच ध्यानात हाय."

अयोध्येनं पाच ताटल्या घेतल्या. लंगडीची आणि ती सातवी तिथंच ठेवली, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मशीननं घर खाली बसवलं. ते जाड कवाड ट्रॅक्टरमध्ये पडताना तिनं डोळ्यांनी बघितलं, आणि कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

तिच्या घरालाही परस होतं, लहानसंच. तिथं तिनं पाच ताटल्या मांडल्या. पाचही मांजरं आली, ताटलीपाशी गेली आणि पाठ करून बसली.

संध्याकाळपर्यंत तशीच बसली. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. दूध नासलं, तिनं ताजं घातलं. कधी घरात न आलेली सुकट आणली. बोट दुधात बुडवून चिमीच्या ओठाला लावलं, तर तिनं दात घट्ट मिटले. व्यंकट बोक्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की करतात असं, खातील. चौथ्या दिवशी सकाळी चिमी आडवी झाली. पोट आत गेलेलं, डोळे अर्धे उघडे, आणि अजूनही तिनं तोंड ताटलीकडं केलेलं नव्हतं.

अयोध्या स्वयंपाकघरात गेली. मांडणीवरचं आपलं स्टीलचं ताट घेतलं. दोन भाकरी, वरण, मीठ. आपल्या परसदाराचं कवाड भिंतीकडं सारलं आणि मागं ताट ठेवलं. ठेवताना तिच्या तोंडून शब्द निघून गेले. तिच्या घरात कोणापुढंही मुकाट्यानं ताट ठेवायची रीत नव्हती; माहेरी नव्हती, सासरी नव्हती. तोंडाला सवय होती, मनाला कळायच्या आत तोंड बोललं.

"या. जेवून घ्या."

गंगम्मानं हे म्हणायला सांगितलं नव्हतं. आता आठवलं तर, गंगम्मा तिथं कधी काही बोलतच नव्हती.

बऱ्याच वेळानं स्टीलमध्ये धार पडली. चिमी उठली, धडपडली, वळली आणि दुधात तोंड घातलं. अयोध्या पायरीवर बसून रडली.

५

मे महिन्यात सुदर्शन लेकीला आजीकडं सोडून गेला. सुदर्शन अयोध्येचा एकुलता एक. लातूरला नोकरी, तिथंच फ्लॅट, बायकोचं नाव राजकन्या. त्याची सृष्टी साडेचार वर्षांची, बोलायला पोपट आणि जेवायला महाकठीण. घास घेऊन तिच्या मागं घरभर फिरावं लागायचं.

"आज्जी, मांजरांना मी घालू?"

"न्हाई गं माझे सोने. ती बोचकारत्यात."

दुपारच्या वेळी अयोध्या तिला पुढच्या खोलीत बसवायची, मोबाइल द्यायची आणि मधल्या दाराला वरची कडी घालायची. शाळा बंद होती, घंटा नव्हती, तरी वेळ बरोबर कळायची. पाच मांजरं भिंतीवर येऊन बसायची. दहा दिवस असे गेले.

अकराव्या दिवशी ताट ठेवून झालं आणि शेजारच्या गौरम्मानं बाहेरून बोंब ठोकली. "अयोध्याबाई! नळ आलाय! झोपलीस का काय?"

नळाला पाणी नवव्या दिवशी आलं होतं. अशा वेळी माणूस दुसरं काही ऐकत नाही. अयोध्या घागर घेऊन धावली. दोन घागरी भरून पिंपात ओतल्या, गौरम्माशी पाइपावरून दोन शब्द झाले, तिसरी घागर कमरेवर घेऊन ती परत आली, आणि मधलं दार उघडं दिसलं. कडी घालायची राहिली होती.

सृष्टी परसात होती. पाच मांजरांच्या ओळीत शेवटची. तिनं आपली छोटी ताटली आणून मांडली होती, आणि ताटलीकडं पाठ करून बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. तोंड भिंतीकडं.

अयोध्येनं तिला हाक मारायला हवी होती. पण तिचे डोळे कवाडाकडं गेले.

कवाड आणि भिंत यांच्या त्या फटीतून एक हात बाहेर आला होता. ताटावर धरलेला. पाची बोटं जुळवलेली, ओली, आणि बोटांच्या टोकांवरून पाण्याची बारीक धार ताटात पडत होती. वर तांब्या नव्हता. हात मनगटापर्यंतच दिसत होता, आणि मनगटाच्या मागं तर जागाच नव्हती.

धार थांबली. कोणीही जेवून उठताना झटकतो तसा तो हात दोनदा झटकला गेला.

पाचही मांजरं वळली. सृष्टीही वळली. घासाघासाला गोष्ट लागणारी ती पोरगी दोन्ही हातांनी भाकरी तोंडात कोंबू लागली.

घागर कधी पडली ते अयोध्येला कळलं नाही. तिनं पोरीला उचललं आणि पुढच्या खोलीत आणून खाली बसवलं. "काय करत होतीस गं तिथं?"

"वाट बघत होते."

"कोणाची?"

"आधी ते जेवतात ना, आज्जी. मग आपण," सृष्टी म्हणाली. दात घासायचे असतात, चप्पल बाहेर काढायची असते, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटची लातूरची गाडी होती. "अजून चार दिवस हायत की तिचे. एवढी काय घाई करून राहिली?" तो विचारत राहिला. अयोध्येनं पोरीचे कपडे पिशवीत भरले. लेकरू घरातून मोकळ्या हातानं जाऊ नये, म्हणून निघता निघता दुरडीतल्या वरच्या दोन भाकरी घेतल्या, शेंगदाण्याची चटणी लावली, फडक्यात बांधून पिशवीत ठेवल्या.

"जाते म्हणू नको. येते म्हण," तिनं सवयीनं सांगितलं.

"येते," सृष्टी म्हणाली.

गाडी गेल्यावर तिच्या लक्षात आलं. दुरडीतल्या वरच्या दोन भाकरी म्हणजे त्या दुपारी कवाडामागच्या ताटात वाढायच्या होत्या त्या. असू दे, तिनं म्हटलं, आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं.

६

त्या दुपारी तिनं ताजी भाकरी केली, ताट कवाडामागं ठेवलं आणि पाच ताटल्या मांडल्या. मांजरं उतरली आणि सरळ ताटलीत तोंड घालून खायला लागली. पाठ केली नाही. वाट बघितली नाही. अयोध्या बघत राहिली. मग तिनं कवाड ओढलं. वरण-भाकरी वाढली तशीच होती, वर साय धरलेली.

दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी कालच्या भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. कधी कुठल्या मुंगीला त्या ताटाच्या वाटेला जाताना तिनं पाहिलं नव्हतं. तिला त्या मुंग्यांचा इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली. कवाडामागची ती वीतभर जागा तिनं झाडून काढली. धूळ निघाली, एक जुनं काडेपेटीचं खोकं निघालं. संपलं, तिनं म्हटलं. चिमीला मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली.

फोन वाजला. सुदर्शनचा होता.

"आई, तू काय शिकवून पाठवलंस गं हिला?" तो हसतच बोलत होता. "आल्यापासून नाटक चाललंय. ताट पुढं ठेवलं की पाठ करून बसते. दूध पिते कसंबसं, बाकी घास नाही. राजकन्या रडकुंडीला आलीय. आज म्हणते, बाबा, अजून एक ताट वाढा. वाढलं. तर म्हणते, इथं नाही, दारामागं."

अयोध्येनं चिमीला मांडीवरून खाली ठेवलं. "कुठल्या दारामागं?"

"बेडरूमच्या. ठेवलं बाबा एकदाचं. आज तिच्याच मनासारखं होऊ दे म्हटलं."

"मग? जेवली?"

"कुठलं! अजून पाठ करूनच बसलीय."

"काय वाढलंस त्या ताटात?"

"अर्धी पोळी अन् जरा भाजी. खोटं-खोटंच तर—"

"जा, बघून ये. त्या ताटात पाणी हाय का बघ."

"पाणी कशाला असंल?"

"जा म्हणते ना, सुदर्शन!"

आईनं आवाज चढवलेला त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो गेला. फोनमध्ये पंख्याची घरघर तेवढी येत राहिली. परत आला तेव्हा तो हसत नव्हता.

"आई, ताट रिकामं आहे. राजकन्या तर ओट्यापाशी आहे. आणि ही जागची हलली नाही, मी समोरच बसलो होतो."

"पाणी?"

"नाही. कोरडं आहे."

लंगडी तीन पायांनी भिंत चढायची ते अयोध्येच्या डोळ्यांपुढं आलं. दुसऱ्या दिवशीची ती ताटली आली. आणि अर्ध्या पोळीसमोर पाठ करून, हात मांडीवर ठेवून बसलेली साडेचार वर्षांची पोर.

"सुदर्शन, नीट ऐक. घरात असंल नसंल ते वाढ. वरण, भात, चपात्या, सगळं. मीठ घाल. दारामागं ठेव आणि फिर. बघत थांबू नको."

"आई, तू काय बोलतीस? तुला बरं नाही का?"

"तुला माझ्या गळ्याची आण हाय. आधी वाढ, मग बोल. आणि ठेवताना म्हण, या, जेवून घ्या."

तो पुटपुटला, राजकन्येला काही बोलला. भांडी वाजली, पळीचा आवाज आला. मग बऱ्याच लांबून, शरमल्यासारखा, त्याचा आवाज: "या... जेवून घ्या."

अयोध्या फोन कानाशी दाबून उभी राहिली. परसात मांजरांचं चाटणं थांबलं होतं. तिनं वळून बघितलं. एकेक करून पाचही जणांनी ताटलीकडं पाठ केली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिच्या कानात स्टीलवर पाण्याची बारीक धार पडली. लांबत गेली. थांबली.

मांजरं वळली आणि खायला लागली.

"बाबा, भूक लागली," फोनमध्ये सृष्टी म्हणाली.

"जेवतेय! आई, जेवतेय गं! दोन्ही हातांनी!" सुदर्शनचा आवाज आनंदानं फुटला होता. "राजकन्या, बेसिनचा नळ चालू राहिला काय बघ. आई, काय जादू केलीस तू?"

अयोध्येनं कवाडाला हात टेकला. गंगम्मानं धरून ठेवलेला हात तोच होता.

"उद्या पण दोन ताटं वाढ," ती म्हणाली.

"उद्या पण?"

"रोज."

"रोज?"

"शपथ घे, सुदर्शन."

"आता जेवायला घालायची पण शपथ?" सुदर्शन हसला.

अयोध्या हसली नाही. शपथ घेईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.